धुळीलाही तारीख असते : छोट्या आगगाड्यांचा मोठा इतिहास

१/
जानेवारी १९७३. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे एका घराला आग लागली. घराचे मालक जॉन ॲलन हे अवघ्या दहा दिवसांपूर्वी निवर्तले होते. त्या घराच्या तळघरात त्यांनी सुमारे वीस वर्षे खपून उभारलेली एक संपूर्ण रेल्वे होती : जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेले डोंगर, दऱ्यांवरचे लाकडी पूल, काजळीने माखलेली इंजिने, रंग उडालेल्या वाघिणी. मालकापाठोपाठ त्यांची रेल्वेही गेली.

२/
त्याच्या बारा वर्षे आधी, १९६१ साली, इंग्लंडमध्ये जॉन एहर्न नावाचे गृहस्थ वारले. त्यांनीही एक छोटी रेल्वे घडवली होती. ती मात्र वाचली आणि आजही पाहता येते. या दोन रेल्वेंच्या मधोमध एक प्रश्न उभा आहे. हाताने घडवलेल्या, मुद्दाम मळवलेल्या या छोट्या इंजिनांत असे काय साठवलेले असते, की ते गमावल्यावर हळहळ वाटावी? त्या प्रश्नाचा हा धागा.

३/
आरंभ खेळण्यापासून झाला. जर्मनीतील ग्योपिंगेन या गावी १८५९ साली टेओडोर मेर्कलिन या पत्रेकाराने बाहुलीघरासाठी पत्र्याची भांडीकुंडी करण्याचा कारखाना काढला. १८६६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी कारोलिन यांनी धंदा सावरला. मालाचे नमुने घेऊन त्या स्वतः गावोगावी विक्रीसाठी फिरत असत. त्या काळी एका स्त्रीने असे करणे दुर्मीळच होते. पुढे कारखाना मुलांच्या हाती आला आणि लक्ष आगगाडीकडे वळले.

४/
१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिनने चावीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य इंजिनात नव्हते, रुळांत होते. रुळांमधील अंतराला क्रमांक देऊन ती मापे ठरवून टाकली होती. आज एक इंजिन घ्यावे, पुढच्या वर्षी दोन डबे, त्यानंतर एक सांधा. सारे एकमेकांस जुळणार. तोवर आगगाडी हे एक खेळणे होते. आता ती वाढवत नेता येईल अशी गोष्ट झाली. छंदाचा जन्म या क्रमांकांतून झाला, असे म्हणता येईल.

५/
इंग्लंडमध्ये हे बीज रुजवले नॉर्थॅम्प्टनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात न्यूरेम्बर्गच्या बिंग या कारखान्याचे काम पाहून ते भारावले. जर्मन कारागिरांकडून ब्रिटिश कंपन्यांच्या रंगांतील इंजिने करून घेण्याचा व्यवहार त्यांनी जमवला. हेन्री ग्रीनली हे अभियंते त्यांचे आराखडे करीत. आता ग्राहकाला ‘एखादे इंजिन’ पुरेना. रोज ज्या गाडीने प्रवास केला, तिचेच इंजिन हवे होते.

६/
पहिल्या महायुद्धाने जर्मन मालाची वाट अडवली. मेकॅनो या जोडणी-खेळामुळे प्रसिद्ध असलेले लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. एका पिढीच्या ब्रिटिश मुलांसाठी ‘हॉर्नबी’ म्हणजेच आगगाडी. हॉर्नबी १९३६ साली वारले. १९३८ साली त्यांच्या कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ ही जेवणाच्या टेबलावर मावणारी छोटी गाडी आणली आणि रेल्वे मध्यमवर्गीय घराच्या खोलीत शिरली.

७/
या छोट्या गाडीच्या पोटात एक प्रसिद्ध तडजोड दडलेली आहे. १६.५ मिलिमीटर रुंदीचा रूळ आधीच रूढ होता. प्रत्यक्षातील एका फुटाला ३.५ मिलिमीटर हे प्रमाण धरले, तर तो रूळ खऱ्या ४ फूट ८½ इंच रुळाशी नेमका जुळतो. अडचण निराळीच होती. ब्रिटिश बोगदे व पूल अरुंद, म्हणून ब्रिटिश इंजिनेही आटोपशीर. एवढ्याशा बॉयलरच्या कवचात त्या काळची मोटार बसेना.

८/
तोडगा असा निघाला : इंजिनाचे प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर करायचे, रूळ मात्र जुनाच ठेवायचा. गणित सोपे आहे. ४ मिलिमीटर प्रमाणात रूळ १८.८३ मिलिमीटर हवा. तो राहिला १६.५. म्हणजे इंजिन खरे, पण ते धावते जणू ४ फूट १½ इंचाच्या रुळावर. समोरून पाहिल्यास ते किंचित काटकुळ्या पायांचे वाटते. ब्रिटनचे बहुसंख्य छंदकर्ते आजही याच तडजोडीवर गाड्या चालवतात. काहींनी मात्र १८.८३ चा हट्ट धरला आणि चाके, सांधे, सारे स्वतः घडवले.

९/
प्रमाणावर एवढा खल झाला, पण एक गोष्ट बराच काळ कोणाच्या फारशा डोळ्यांवर आली नाही. ही सगळी इंजिने चकाकत होती. दुकानातून आणली त्या दिवशी जशी, तशीच वीस वर्षांनीही. खऱ्या स्थानकात उभ्या असलेल्या इंजिनाकडे पाहावे तर धूर, राख, तेल आणि गंज यांनी त्याचे अंग भरलेले. मोजमाप अचूक, पण गाडी कोणत्याही काळातली नाही, असा हा प्रकार होता.

१०/
इथे जॉन एहर्न येतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘मॅडर व्हॅली रेल्वे’ ही काल्पनिक आडवळणाची लाइन घडवायला घेतली. मॅडरपोर्ट या बंदरातून निघून ती गावाशिवारांतून आत जाते. इंजिने लहान, जुनाट, थोडी ओबडधोबड. तोवर रेल्वेची मांडणी म्हणजे टेबलावर पसरलेले रूळच. एहर्न यांनी आधी गाव मनात धरले आणि मग विचारले, की या गावाला कशी रेल्वे परवडली असती?

११/
त्यांचे साहित्य साधे : पुठ्ठा, लाकूड, तार, पत्र्याचे तुकडे. इमारती, निसर्गदृश्य आणि इंजिने कशी घडवावीत, यावर त्यांनी पुस्तके लिहिली आणि नियतकालिकांतून लेख लिहिले. भिंतीचा ओलसर डाग, गवत माजलेला रूळ, मळलेले इंजिन हे सारे एकाच चित्राचे भाग आहेत, हा त्यांचा आग्रह होता. स्वच्छ इंजिन मळलेल्या गावात परके दिसते. त्यांनी गाडीला तिचा परिसर मिळवून दिला.

१२/
अटलांटिकपलीकडे जॉन ॲलन हेच काम निराळ्या वाटेने करीत होते. १९१३ साली जन्मलेले ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार. उजेड व सावली ही त्यांची रोजची भाषा. त्यांच्या रेल्वेचे नाव ‘गोरे अँड डेफेटेड’. भारदस्त वाटणारे हे नाव मोठ्याने उच्चारले, की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू येते. डबे इकडून तिकडे ढकलण्यासाठी त्यांनी एम्मा नावाचा एक स्टेगोसॉरसही ‘नोकरीस’ ठेवला होता!

१३/
विनोद बाजूला ठेवला, तर ॲलन यांचे काम अत्यंत गंभीर होते. दृश्य खोल भासावे म्हणून त्यांनी आरसे दडवले. इंजिनांना आणि वाघिणींना त्यांनी ऊन, पाऊस, धूर व वापर यांच्या खुणा दिल्या. या कामाला छंदाच्या परिभाषेत ‘वेदरिंग’ म्हणतात. त्यांच्या मांडणीची छायाचित्रे मासिकांत येऊ लागली, तेव्हा अनेकांना ती खऱ्या रेल्वेची वाटली. कोऱ्या इंजिनाचे छायाचित्र खेळण्याचे दिसते. मळलेल्या इंजिनाचे छायाचित्र एखाद्या दिवसाचे दिसते.

१४/
पण मळ म्हणजे नेमके काय? वाफेच्या इंजिनावर प्रत्येक डागाला कारण असते. धुराड्यातून निघालेली काजळी वरच्या भागावर बसते. बॉयलरच्या सांध्यांतून पाझरलेले पाणी वाळले, की क्षारांचे पांढरे ओघळ उरतात. दांडे आणि सांधे तेल-वंगणाने काळपट चमकतात. चाकांच्या आसपास ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची तपकिरी-लालसर पूड साठते. पुढच्या दाराखाली राख. फायरमन जिथे हात धरून चढतो, ती दांडी मात्र घासून लखलखीत.

१५/
वाघिणीची कथा वेगळी. तिच्या लाकडी फळ्या मोडत, तशा बदलल्या जात. नवी फळी बहुधा बिनरंगाचीच राही. उन्हापावसाने ती आधी पिवळसर, मग राखाडी होई. लोखंडी पट्ट्यांखाली गंजाचे ओघळ उतरत. कोळशाच्या वाघिणीचा आतला भाग घासून चकचकीत होई आणि कडांना काळी भुकटी चिकटे. चुनखडीच्या वाघिणीवर पांढरी साय जमे. डागांवरून माल ओळखता येतो, कोणत्याही फलकाची गरज लागत नाही.

१६/
आता इतिहासाचा मुद्दा. डागांवरून नुसता माल कळत नाही, साल कळते. १९१४ पूर्वी ब्रिटिश लोको शेडमध्ये इंजिने पुसण्यासाठी पोरांची फौज असे. कमी पगारात, तासन्‌तास, चिंध्या व तेल घेऊन ही मुले इंजिने लखलखीत ठेवीत. इंजिन पुसणारा मुलगा पुढे फायरमन आणि मग ड्रायव्हर होई. त्या काळच्या इंजिनाला फार मळवले, तर ते इतिहासाला धरून होत नाही.

१७/
दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. माणसे आघाडीवर आणि कारखान्यांत गेली. युद्ध संपल्यावरही इंजिने पुसण्याच्या नोकरीकडे तरुण वळेनात, कारण त्याहून बरी कामे मिळू लागली होती. इंजिनांवर मळाचे थर चढत गेले. १९६० च्या दशकात तर काही इंजिनांचे क्रमांकही काजळीखाली दिसेनासे झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य जाळ्यावरील नियमित वाफेचे युग संपले. त्या अखेरच्या वर्षांतील इंजिन चकचकीत दाखवणे म्हणजे एका समाजातील श्रमांचा इतिहासच पुसून टाकणे होय.

१८/
वाघिणींवरही हाच काळ कोरलेला आहे. महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये लाखो वाघिणी खाणमालकांच्या आणि कोळसा व्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या होत्या. त्यांवर मालकाचे नाव ठळक, रंगीत अक्षरांत असे. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्या सरकारी नियंत्रणाखाली एकत्र केल्या गेल्या. १९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. मग ती अक्षरे कोणी पुन्हा रंगवली नाहीत. ती विटत गेली, मध्येच बिनरंगाच्या फळ्या आल्या आणि नावे तुटक होत गेली.

१९/
म्हणून १९३५ ची वाघीण आणि १९५० ची वाघीण एकाच साच्यातून काढली, तरी ती दोन वेगळी विधाने असतात. पहिलीवर मालकाचे पूर्ण नाव. दुसरीवर त्या नावातली चार अक्षरे, बाकी करड्या फळ्या. खासगी मालकी ओसरली आणि सरकारी मालकी आली, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य तळहाताएवढ्या वाघिणीवर डोळ्यांनी वाचता येते. मात्र त्यासाठी ती घडवणाऱ्याला साल ठाऊक असावे लागते.

२०/
हे काम हाताने होते कसे? आधी फिकट रंगाचा मूळ थर. त्यावर पातळ केलेला गडद रंग फासायचा आणि लगेच पुसायचा. तो खाचांत उरतो, उंचवट्यांवरून जातो. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, म्हणजे झीज दिसते. काजळीसाठी काळी भुकटी, गंजासाठी तपकिरी. घासून चमकलेल्या लोखंडासाठी शिसपेन्सिलीचे टोक पुरते. पुसण्याची दिशा नेहमी वरून खाली, कारण पाऊसही तसाच पडतो.

२१/
जाणकार एक नियम कटाक्षाने पाळतात : दुसऱ्याच्या मॉडेलवरून मॉडेल मळवायचे नाही. समोर हवे खऱ्या इंजिनाचे, तारीख ठाऊक असलेले छायाचित्र. तसे न केल्यास सगळ्यांचा मळ एकसारखा होतो आणि एकसारखा गंज ही केवळ सजावट ठरते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे अतिरेक. कामावर असलेले इंजिन मळकट असते, भंगारात काढलेले नसते. धावणाऱ्या चाकाचा रुळावर टेकणारा काठ तर कायम चकाकतच असतो.

२२/
मळवण्याआधी घडवणे आले. पितळेच्या किंवा निकेल-सिल्व्हरच्या पातळ पत्र्यातून भाग कापायचे, वाकवायचे आणि डाख देऊन जोडायचे. पुढे रसायनाने पत्रा कोरून काढलेले तयार भाग मिळू लागले, तरी जुळवणी हाताचीच राहिली. ‘व्हाइट मेटल’ या मऊ मिश्रधातूच्या संचांची गंमत निराळी. तो धातू कमी उष्णतेतही वितळतो. नेहमीची डाखणी लावली, तर आख्खे धुराडे क्षणात ओघळून जाते. त्यासाठी सुमारे ७० अंशांना वितळणारा खास डाख वापरतात.

२३/
मग येते दुरुस्ती आणि इथे काळ खरोखरच शत्रू होतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान चाके आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतले जाऊ लागले. हे जस्त अत्यंत शुद्ध हवे. ओतताना थोडे शिसे मिसळले गेले, तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत क्षरण सुरू होते. वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. मग बारीक तडे जातात, भाग फुगतो, वाकतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा चुरा होतो. संग्राहक याला ‘जस्ताची कीड’ म्हणतात.

२४/
या किडीवर औषध नाही. रोगाचे बीज ओतकामाच्या दिवशीच आत गेलेले असते. ती एका भागावरून दुसऱ्यावर पसरत नाही, हाच काय तो दिलासा. दमट हवा आणि उष्णतेचे चढउतार टाळले, तर क्षरण मंदावते. भाग गेलाच, तर नवा ओतून किंवा कापून बसवावा लागतो. खेळणे म्हणून विकलेली १९३० च्या दशकातील कित्येक इंजिने बाहेरून धडधाकट, पण चाकांनी खिळखिळी झालेली आढळतात, ती यामुळेच.

२५/
दुसरा घात छंदकर्त्यांनी स्वतःच्याच हाताने केला. हलके इंजिन रुळावर घसरते. म्हणून बॉयलरच्या पोकळीत शिशाच्या गोळ्या भरून त्या पांढऱ्या गोंदाने घट्ट करण्याची पद्धत पडली. काही वर्षांनी हा गोंद आणि शिसे यांच्यातील क्रियेने पांढरी पूड तयार होते. तिचे आकारमान मूळ शिशाहून जास्त. परिणामी बॉयलर किंवा टेंडर आतूनच फाटते. एखाद्याने अनेक महिने घडवलेले इंजिन कपाटात बसल्या जागी फुटावे, याहून क्रूर धडा नसेल.

२६/
दुरुस्ती करणाऱ्यापुढे नैतिक पेचही असतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या इंजिनाचा रंग उडाला आहे. तो पुन्हा रंगवावा का? रंगवले तर देखणे होईल, पण एका मुलाने ते जिथे जिथे धरले, आपटले, फरशीवर पळवले, त्या खुणा जातील. म्हणून संग्राहक बहुधा मूळ रंगाला हात लावू देत नाहीत. मुद्दाम मळवलेले मॉडेल आणि खेळून मळलेले खेळणे यांत हाच फरक. पहिल्यातील मळ अभ्यासून लावलेला, दुसऱ्यातील मळ जगून आलेला. दोन्ही पुरावेच.

२७/
पुरावा हा शब्द कोणी सर्वांत मनावर घेतला असेल, तर रॉय इंग्लंड यांनी. ऑस्ट्रेलियात १९०६ साली जन्मलेला हा तरुण १९२५ साली इंग्लंडला गेला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवताने शाकारलेली घरे त्याला विलक्षण आवडली. पण ती पाडली जात होती, बदलली जात होती. वाचवण्याइतका पैसा नव्हता. त्याने मापे घेतली आणि ती घरे ४ मिलिमीटर प्रमाणात घडवायला सुरुवात केली.

२८/
१९५४ साली ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथे त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. तिथे खोऱ्यातील घरे, बागा, शेते आणि त्यामधून धावणारी रेल्वे १९२० व १९३० च्या दशकांत जशी होती तशी घडवली जाते. छपरांच्या शाकारणीला नळकाम करणाऱ्यांचा ताग वापरला जातो. गाय विल्यम्स यांच्यासारख्या कारागिरांनी त्यासाठी इंजिने घडवली. रॉय इंग्लंड १९९५ साली वारले. काम थांबले नाही, स्वयंसेवकांच्या पुढच्या पिढ्या ते चालवतात.

२९/
एहर्न यांची मॅडर व्हॅली वाचली, ती याच पेंडनमध्ये. मालक गेला, तरी सांभाळणारी संस्था आणि दुरुस्ती जाणणारे हात होते. ॲलन यांची रेल्वे घराच्या चार भिंतींत होती आणि भिंतींबरोबर गेली. उरली ती त्यांचीच छायाचित्रे. संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांच्यावर केलेला ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी ती पाहिली, पण कागदावरच.

३०/
या इतिहासाचा एक रूळ बार्शीपर्यंत येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची २ फूट ६ इंच रुळाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. त्या अनुभवाच्या बळावर त्यांनी इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन आखली. १९०४ साली ती सुरू झाली तेव्हा स्टॅफर्डशरच्या हिरव्या दरीत उष्ण प्रदेशाला शोभणारी, मोठमोठ्या दिव्यांची इंजिने धावली. त्यांतील एकाचे नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. १९३४ साली लाइन बंद पडली आणि इंजिने भंगारात गेली.

३१/
बार्शीची नॅरोगेजही आता राहिली नाही. तो मार्ग ब्रॉडगेज झाला. कोणी ती ४ मिलिमीटर प्रमाणात घडवू म्हटले, तर रूळ हवा १० मिलिमीटरचा. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे ५ फूट ६ इंच, हवी तर रूळ नेमका २२ मिलिमीटरचा. दुकानात सर्रास मिळतो तो १६.५ चा. म्हणजे भारतीय रेल्वे प्रमाणात घडवायची, तर चाकापासून सांध्यापर्यंत स्वतःच हात मळवावे लागतात.

३२/
हात मळवणारी माणसे इथेही झाली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या व घडवलेल्या लघुरेल्वेंचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. दिवे मंदावतात, छोट्या शहराचे दिवे लागतात, गाड्या धावू लागतात आणि मोठी माणसेही काचेला नाक लावून उभी राहतात. छंद एका माणसाचा होता, पण त्याला दार मिळाले. म्हणून तो त्या माणसानंतरही पाहता येतो.

३३/
थोडक्यात, छोट्या रेल्वेचे तीन टप्पे झाले. आधी मापे ठरली, मग परिसर आला, शेवटी काळ आला. हा काळ मळाच्या रूपाने आला. तो नीट लावायला जुने छायाचित्र वाचावे लागते, फळी कोणी बदलली हे विचारावे लागते आणि इंजिन पुसणारी पोरे कुठे गेली याचा शोध घ्यावा लागतो. इतिहासकार याहून वेगळे काय करतो?

३४/
बार्शीच्या वाघिणींवर कोणता मळ होता? बोगींच्या दांड्या कुठे घासून चमकत होत्या? कुर्डुवाडीच्या शेडमधील इंजिनांवर क्षारांचे ओघळ होते का? हे पाहिलेली माणसे अजून आहेत, घरोघरी जुनी छायाचित्रेही आहेत. त्यांच्या मागे तारीख लिहून ठेवणे हे आजच करता येण्याजोगे काम आहे. उद्या कोणी ती गाडी घडवायला बसेल, तेव्हा त्याला मापे कदाचित कागदांत सापडतील. धूळ मात्र कोणीतरी सांगावी लागेल.

(धागा समाप्त)